डाव्या बाजूचा आवाज

माझ्या नवऱ्याला बढाया मारायची भारी हौस. वाईट एवढंच की त्या बढाया खऱ्या निघतात, त्यामुळे मला धड रागावताही येत नाही. शेलूबाजारला हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे. गाड्यांचे टेप, स्पीकर, हॉर्न, सीट कव्हर. सीट कव्हर आणि गिऱ्हाईक माझ्याकडे, गाडीतला आवाज ह्यांच्याकडे. दुकानासमोर गाडी लागायचा अवकाश, हे खुर्चीवरून न उठता ओरडणार, "मांगचा उजवा फाटला हाय तुमचा!" गाडीवाला चाट पडतो. त्यानं अजून इंजिनही बंद केलेलं नसतं आणि ह्यांचं निदान झालेलं असतं.

आसेगावहून लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला वाटायचं, स्पीकर तो काय, वाजला तर वाजला, नाही वाजला तर नवा बसवा. ह्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे मुद्दाम बसवून वगैरे नाही. त्यांना बोलल्याशिवाय काम करता येत नाही आणि ऐकायला जवळ मीच होते.

एकदा त्यांनी एका गाडीच्या दाराचं पॅनल काढलं, स्पीकर बाहेर घेतला, खिशातून भिंतीवरच्या घड्याळात टाकतात तो साधा सेल काढला आणि स्पीकरच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना नुसत्या टेकवल्या. खर्र झालं आणि स्पीकरचा कागद पुढे उचलला गेला.

"पाह्यलं? जिवंत हाय. कागद भाईर आला म्हंजे प्लस-मायनस बराबर. आत गेला असता तं वायर उलटी."

"उलटी असली तं काय होते?"

"एक दार ढकलते अन् दुसरं ओढते. दोघायच्या भांडनात ढोलकीचा धम मरते."

"म्हंजे आपल्या घरावानी," मी म्हटलं. ते हसले, आणि पुढं गिऱ्हाइकांना समजावताना हेच उदाहरण द्यायला लागले. वर माझं नाव घेऊन.

इकडच्या बिघाडांची त्यांना नातेवाइकांसारखी ओळख आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रांग लागते. वर्षभर जिच्यावर कोणी फडकं मारलं नाही ती गाडी दसऱ्याला विहिरीवर नेतात, मोटारीचा पाइप लावतात आणि दारं सताड उघडी टाकून आतूनबाहेरून धुतात. पूजा होते, नारळ फुटतो, हार चढतो आणि दारातल्या स्पीकरचा कागद भिजल्या पापडासारखा बसतो. मग मालक येऊन म्हणतो, "भाऊ, कालपर्यंत बराबर होतं." हे कपाळावर हात मारतात, "अरे बाप्पा, आंघोळ घातली ते घातली, तिच्या नरड्यात काहून पानी वतलं?"

जीपवाल्यांचं दुखणं वेगळं. दिवसभर माणसं चढतात-उतरतात आणि प्रत्येक जण दार असं आपटतो की जसं काही दुसऱ्याचं आहे. असतंच म्हणा दुसऱ्याचं. स्पीकरची वायर गाडीच्या खांबातून दारात जाते, मध्ये रबराची नळी असते. तिथं वाकून वाकून वायर आतल्या आत तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. स्पीकर चांगला, टेप चांगला, आवाज मात्र गायब. हे काहीच उघडत नसत. टेप चालू करून दार हळूहळू उघडायचं, हळूहळू लावायचं. एका ठिकाणी आवाज यायचा, तिथून बोटभर पुढं गेलं की जायचा. मग नळी सरकवून नेमकी तिथंच वायर कापायचे. त्यांचं ते दार उघडणं बघत राहावंसं वाटायचं. रस्त्यावरून येता-जाता लोक थांबायचे.

पण त्यांची खरी पद्धत म्हणजे अदलाबदली. डावीकडून आवाज कमी येतो ना? टेपच्या मागे डावीची वायर उजवीला लावा, उजवीची डावीला. आता कमीपणा उजवीकडे गेला, तर खोट टेपमध्ये. डावीकडेच राहिला, तर टेप सुटला, खोट पुढं कुठंतरी. मग दोन्ही दारांतले स्पीकर बदलून पाहा. खोट स्पीकरबरोबर दुसऱ्या दारात गेली तर स्पीकर गेला, नाही गेली तर वायर. "एकेकाले जागेवरून उठवाचं," हे म्हणायचे, "ज्याच्यासंगं खोट उठन तो चोर." अंदाजानं नवा स्पीकर गळ्यात मारणाऱ्यांचा त्यांना मनापासून संताप यायचा. गिऱ्हाइकाला गरज नसलेली वस्तू ह्यांनी कधी बसवली नाही. मला ह्या माणसाचा अभिमान वाटत आला आहे तो त्या ओरडून केलेल्या निदानासाठी नाही, ह्यासाठी.

म्हणून तर ते सुरू झालं तेव्हा माझा जीव वरखाली व्हायला लागला.

आधी बायका बोलल्या. गाडी चालवणारा उजवीकडे बसतो, त्याची बायको डावीकडे. मालेगावची एक बाई सीट कव्हर बघता बघता मला म्हणाली, "ताई, तुमच्या मालकानं काय करून ठेवलं वं? डाव्या दारातून असा आवाज आदळते, कान फुटते माहा." तिचा नवरा म्हणाला, "तिले काय समजते? भाऊनं बसवलं म्हंजे बराबरच असन." मीही हसून सोडून दिलं. पण मग दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांची तक्रार एकच, डावीकडून फार आदळतं.

मी ह्यांना सांगितलं तर भडकले. "डावीकूनच तं आवाज कमी येऊन राह्यला सगळ्या गाड्यायले! म्हनून वाढवून देतो. आजकाल कंपन्याच डावीकून मेलेला माल पाठवून राह्यल्या."

"सगळ्याच कंपन्या?"

"सगळ्याच."

पण ज्या माणसानं कधी विनाकारण स्पीकर बदलला नाही तो आता डावे स्पीकर काढायला लागला होता. चांगले स्पीकर. काढलेला स्पीकर मी गुपचूप सेल लावून बघायची, तर कागद टुणकन पुढे यायचा. बोटांनी चहूबाजूनं सारखा दाबून बघायची, तर आत कुठं घासत नव्हता. मीटरही चांगला म्हणून सांगत होता. लोक अजून विश्वासानं येत होते, पण हा विश्वास असाच वापरत राहिलो तर संपणार, हे मला दिसत होतं. आणि विश्वास संपला तर हायवेवरच्या दुकानात उरतं काय? घरी तर आमचं रोजच वाजायला लागलं होतं. जेवताना मी काही विचारावं आणि ह्यांनी ढिम्म बसून राहावं. मला वाटायचं, भाव खाताहेत.

एका दुपारी एक जीप आली. पुढचा डावा आवाज कमी, असं मालकाचं नाही, ह्यांचंच म्हणणं. मालक जीप सोडून बाजारात गेला. ह्यांनी टेपमागच्या वायरी बदलल्या. खोट डावीकडेच. दारांतले स्पीकर अदलाबदल केले. डावीकडेच. मग जुनी वायर सोडून टेपपासून दारापर्यंत नवी वायर टाकली, गाडीच्या आतून, उघड्यावरून. तरी डावीकडेच. कडक ऊन होतं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. ते मागच्या सीटवर मधोमध बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "टेप सुटला. स्पीकर सुटला. वायर सुटली. मंग उरलं काय?"

मी स्क्रू फिरवायचा पेचकस धरून बाहेर उभी होते, वैतागलेली. तोंडातून निघून गेलं, "तुमी उरले ना, अजी! तुमीच उलटे बसून पाहा."

त्यांनाही हसू आलं. गंमत म्हणूनच ते वळले, सीटवर गुडघे टेकले, डिकीकडे तोंड केलं. टेप चालूच होता. मी वाट बघत होते की आता काहीतरी टोमणा येईल. नाही आला. त्यांची मान एकदा इकडे, एकदा तिकडे झाली. मग पुन्हा सरळ फिरून बसले. पुन्हा उलटे झाले. मी खिडकीतून वाकून पाहिलं, तर ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"उजवीकडे गेली," ते म्हणाले.

"काय?"

"खोट. उजवीकडे गेली, वं."

मला लगेच समजलं नाही. मग उमगलं, माय वं, गाडी होती तशीच होती, फिरले होते ते, आणि खोट त्यांच्यासोबत फिरली होती. ते सरळ होऊन बसले. मी गाडीत चढून टेप बंद केला, त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि हळूच त्यांना हाक मारली. ते समोर बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काही म्हनली का तू?"

त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्या क्षणी गाडी तशीच सोडून घरी गेला असता. ह्यांनी काय केलं, तर नवी वायर काढून जुनी पुन्हा जोडली, स्पीकर आपापल्या दारात बसवले, टेपमागची अदलाबदल सरळ केली. सगळं होतं तसं. मालक आला तेव्हा म्हणाले, "गाडीत काई खोट नाई. घेऊन जा." मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, नशीब काढलंस.

वाशिमला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानाची नस गेलेली. ती परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. उजवा चांगला होता. यंत्रानं थोडाफार फरक पडेल, पण पहिल्यासारखं नाही. येताना एसटीत ह्यांनी मला मुद्दाम उजवीकडे बसवलं आणि पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत आले. घरी आल्यावर एकच बोलले, "कोनाले सांगू नको. बिनकानाच्या मानसाजवळ कोन गाडी आनन?"

त्यानंतर मी जे बघितलं ते मला बघवत नव्हतं. गाडी आली की हे दुकानाच्या आत. "सामान नाही," "टाइम नाही," "मंगरुळपिरात दाखवा." मला म्हणाले, आपण नुसते सीट कव्हर विकू. ज्या माणसाला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीची खोट सांगितल्याशिवाय घास जात नसे, तो डोकं खाली घालून सीट कव्हरच्या घड्या घालत बसायचा. मला दया नाही आली, खरं सांगते, राग आला. मी भांडले. "तुमचा एक कान गेला, हात गेले का? डोकं गेलं का? माह्याजवळ दोन कान हायत, ते कायले ठेवले? डूल घालायले?"

ते घड्या घालत राहिले. मी त्यांच्या उजवीकडेच उभी होते, म्हणजे ऐकू तर गेलं होतं.

लग्नसराई लागली होती. एका सकाळी फुलांनी मढवलेली गाडी दुकानासमोर येऊन थांबली. नवरदेवाची गाडी. नवरदेव अजून घरी हळदीच्या अंगानं आंघोळीला बसला होता, गाडी घेऊन आले होते त्याचे मामा. हे मामा आमचे जुने गिऱ्हाईक, पट्टीचे जीपवाले. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, लग्नघरचा सगळा रुबाब. म्हणाले, "वहिनी, सजवून आनली अन् टेप मुका झाला. थोडा वाजते, बंद पडते. वरात निघून राह्यली. मालक कुठी हायत?"

मी आत बघितलं. हे उठले नव्हते. आता "सामान नाही" म्हणणार, हे मला कळलं आणि माझं टाळकं फिरलं. मी सरळ गाडीत जाऊन बसले आणि टेप चालू केला. थोडा वाजला, बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी आतूनच ओरडले, "अजी, चारही दारायतून बराबर येऊन राह्यला, मंग डाव्यातून खरखर होते अन् मंग समदंच बंद!"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते बाहेर आले, गाडीच्या उजवीकडून. "खरखर पयले डाव्यातूनच?"

"पुढच्या डाव्यातून."

"दार उघड."

उघडलं. "आता?"

"आता चालून राह्यला."

"लाव."

लावलं. खरखर झाली, बंद. ह्यांचे डोळे मी बऱ्याच दिवसांनी असे पाहिले. म्हणाले, "दोन वायरी एकमेकीले टेकून राह्यल्या. टेप स्वतःले वाचवाले बंद होऊन राह्यला." त्यांनी टेपच्या मागे हात घालून त्या एकाच दाराची वायर सोडवली. बाकी तिन्ही दारं सुरळीत वाजायला लागली. मग त्यांनी दार अर्धं उघडून खांबाजवळच्या रबराच्या नळीवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. बोटाला रक्त आलं होतं.

टाचणी. फुलवाल्यानं झेंडूच्या माळा लावताना जिथं मऊ लागेल तिथं टाचणी खुपसली होती. दारावर, सीटवर, आणि ह्या रबराच्या नळीतही. माळ काय मस्त बसली होती! टाचणी नळीतून आरपार जाऊन दोन्ही वायरींच्या पोटात घुसली होती. दार लावलं की ती दोघींना जोडायची, उघडलं की सुटायची. ह्यांनी टाचणी उपसली, वायर बाहेर ओढून दोन्ही जखमांवर वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळली, माळ दोऱ्यानं बांधली. मी आतून सांगत होते, ते बाहेरून करत होते. डावीकडे आवाज आला की मी म्हणायची "आला," आणि ते पुढचं करायचे. माझ्या शब्दावर. एकदाही "नक्की का?" म्हणाले नाहीत. इतकं जीव लावून आम्ही संसारातलं दुसरं कुठलंही काम केलं नसेल.

मी पॅनलचे स्क्रू लावायला घेतले. टेप वाजतच होता, हे चिकटपट्टीचं भेंडोळं गुंडाळत उभे होते. मामा त्यांच्या डाव्या बाजूला येऊन म्हणाले, "मालक, दिवाळीत नवी गाडी घेऊन राह्यलो. तिची सिस्टिम तुमीच बसवान ना?"

हे भेंडोळं गुंडाळत राहिले.

मामांनी पुन्हा विचारलं. हे तसेच. मामांचा चेहरा उतरला, मग ताठर झाला. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या मामाचा मान काय असतो ते सांगायला नको. त्याला पाणी द्यायला उशीर झाला तरी मांडवात बोलाचाली होते. इथं तर माणूस दोनदा विचारतो आणि समोरचा उत्तर देत नाही. मी घाबरून काहीतरी बोलायला गेले, गाडीचा आवाज मोठा आहे म्हणून, वगैरे. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मागे वळले. मामांचा चेहरा पाहून त्यांना सगळं समजलं.

एवढे दिवस लपवलेलं होतं. तेव्हाही हसून काहीतरी ठोकून देता आलं असतं, आणि थापा मारण्यात हा माणूस कमी नाही. पण ते म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. माहा डावा कान गेला. काईच आइकू येत नाई त्याच्यातून. आज तुमची गाडी हिनं आइकली, मी नुसते हात चालवले. आता पटत असन तं आमच्याकडे येत जा, नाई तं मंगरुळपिरात दुकानं हायत."

मामांनी ह्यांच्या कानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. फेटा सावरला. मग ह्यांच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि जसं काही पहिल्यांदाच विचारताहेत अशा आवाजात म्हणाले, "मालक, दिवाळीत नवी गाडी घेऊन राह्यलो. तिची सिस्टिम तुमीच बसवान ना? तुमी दोघं?"

"बसवतो," हे म्हणाले. "बसवतो ना, भाऊ."

माझ्या हातातला स्क्रू सुटून सीटखाली गेला. तो शोधायला म्हणून मी खाली वाकले आणि तिथंच तोंड लपवून पोटभर रडून घेतलं.